भ्रम मोडायचा की समजून घ्यायचा? श्रेबरच्या निमित्ताने

कातरवेळ (मूळ लेख)

गेले काही महिने मी एकाच माणसाबद्दल वाचतोय. डॅनिएल पाउल श्रेबर. जन्म १८४२, लाइपझिग. पेशाने न्यायाधीश. मनोविश्लेषणाच्या पुस्तकांत त्याचं नाव 'केस' म्हणून येतं आणि तो तिथेच अडकून पडतो, हे मला फार खटकतं. म्हणून हा धागा.

१८८४ मध्ये तो राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक हरला आणि पाठोपाठ पहिलं आजारपण आलं. आपल्या शरीराला काहीतरी भयंकर झालंय अशी धास्ती, झोप नाही. लाइपझिगला प्रा. फ्लेक्सिग यांच्या रुग्णालयात काही महिने काढून तो बरा झाला. बायकोला डॉक्टरांचे उपकार इतके वाटले की तिने त्यांचा फोटो कित्येक वर्षं टेबलावर ठेवला. पुढची आठ वर्षं सुखाची गेली असं तो स्वतः लिहितो. सल एकच, मूल होत नव्हतं.

१८९३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात पीठाध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. रुजू होण्याआधी एका पहाटे, अर्धवट झोपेत, त्याच्या मनात येऊन गेलं की संभोगाच्या वेळी आपण स्त्री असणं किती सुखाचं असेल. पूर्ण जागा असतो तर हा विचार संतापाने झिडकारला असता, असंही तो सांगतो. ऑक्टोबरात रुजू झाला. पीठावरचे सहकारी जवळजवळ सगळे त्याच्याहून वयाने मोठे. काही आठवड्यांत झोप उडाली, रात्री भिंतीत करकर ऐकू येऊ लागली, आणि नोव्हेंबरात तो पुन्हा फ्लेक्सिगकडे दाखल झाला. या वेळी बाहेर पडायला नऊ वर्षं लागली.

त्या नऊ वर्षांत त्याच्याभोवती एक अख्खं विश्व उभं राहिलं. देव म्हणजे निव्वळ मज्जातंतू, त्यांतून निघणारे किरण श्रेबरशी सतत बोलतात. देवाला फक्त प्रेतांशी व्यवहार ठाऊक, जिवंत माणूस त्याला कळतच नाही. पक्षी पाठ केलेली वाक्यं बोलतात. जग संपून गेलंय, आजूबाजूला दिसतात ती घाईघाईत तयार केलेली तात्पुरती माणसं. फ्लेक्सिगने आपल्या आत्म्याचा खून केला आणि आपल्याला बाई बनवून विटंबनेसाठी टाकून देण्याचा कट रचला, अशी त्याची सुरुवातीची खात्री होती. पुढे हळूहळू कटाचा अर्थच पालटला. बाई होणं ही विश्वाच्या व्यवस्थेची गरज ठरली, त्याच्या पोटी नवी मानवजात जन्माला येणार होती. जी विटंबना होती तीच कामगिरी झाली. आणि इथून तो शांत होत गेला.

हे सगळं त्याने लिहून काढलं, १९०३ मध्ये छापलं. मनोविकारतज्ज्ञ युंगने मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचं लक्ष या पुस्तकाकडे वेधलं आणि १९११ मध्ये फ्रॉइडचा प्रसिद्ध निबंध आला. फ्रॉइड श्रेबरला कधी भेटला नाही. त्याच्यासमोर होतं ते फक्त पुस्तक.

निबंधातलं सूत्र बहुतेकांना माहीत असतं. मुळाशी एका पुरुषाबद्दलचं प्रेम. ते मनाला सोसत नाही, म्हणून 'मी त्याच्यावर प्रेम करतो' याचं 'मी त्याचा द्वेष करतो' होतं. तेही आत ठेवता येत नाही, मग प्रक्षेपण होऊन 'तोच माझा द्वेष करतो, माझा छळ करतो' असं ते बाहेरून परत येतं. मला या सूत्रापेक्षा त्याच निबंधातली दुसरी एक गोष्ट कितीतरी मोठी वाटते. फ्रॉइड म्हणतो, आपण ज्याला आजार समजतो तो भ्रम खरं म्हणजे बरं होण्याची धडपड आहे. खरी पडझड आधीच झालेली असते, गाजावाजा न होता: माणसाचा जगातला जीवच उडतो, सगळी माणसं त्याच्या लेखी मरून जातात. श्रेबरचं 'जग संपलं' ते हेच. त्यानंतर उरल्यासुरल्यातून तो राहण्याजोगं काहीतरी पुन्हा बांधतो. आपल्याला दिसतं ते हे बांधकाम.

हे खरं असेल तर एक प्रश्न पडतो. भ्रम असलेल्या माणसाशी आपण वाद घालतो तेव्हा नक्की काय पाडत असतो?

निशिगंधा_म

लेख दोनदा वाचला. शेवटच्या प्रश्नाशी थांबले.

माझ्या दादाला चार वर्षांपासून वाटतंय की घरातल्या दिव्यांतून त्याचं बोलणं ऐकलं जातं. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त पुरावे देत होतो. मी स्वतः एक दिवा खोलून त्याच्यासमोर भाग वेगळे करून ठेवले. त्याने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "तुला कधी विकत घेतलं त्यांनी?" त्या दिवसापासून मीही 'त्यांच्यातली' झाले. आधी निदान मी त्याची बहीण होते.

मात्र अर्थ लावण्याबद्दलही एक कडू अनुभव आहे. आम्ही एका समुपदेशकाकडे गेलो होतो. त्यांनी दादाला दोनदा भेटून आईला सांगितलं की लहानपणी तुम्ही याला पुरेसं प्रेम दिलं नाही, सगळ्याचं मूळ तिथे आहे. आई त्यानंतर जवळजवळ वर्षभर दादाच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. आपल्यामुळे वाढेल म्हणून. मला खरंच जाणून घ्यायचंय, हे मनोविश्लेषणात कुठून आलं?

उंबरठा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. निशिगंधाताई, आधी तुमच्या आईसाठी: त्यांना कृपया सांगा की ही कल्पना मोडीत निघालेली आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा शब्दप्रयोग केला. त्या स्वतः रुग्णांशी अतिशय मायेने काम करणाऱ्या डॉक्टर होत्या, हे मी आदराने सांगतो. पण त्या एका शब्दाने दोन पिढ्यांतल्या आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आईच्या वागण्याने हा आजार होतो असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, ताण, काही नशा, लहानपणचे गंभीर आघात, असं बरंच काही मिळून धोका वाढतो. कुणा एकाचा दोष काढता येत नाही.

आता मूळ लेखाबद्दल. कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९१३ मध्ये केलेला भेद मला अजून रोज उपयोगी पडतो: भ्रमाचा मजकूर वेगळा, भ्रमाचा घाट वेगळा. या माणसाला दिवेच का ऐकतात, पोलीस का नाहीत, हे त्याच्या आयुष्यातून कळू शकतं. पण मुळात अशी न ढळणारी खात्री निर्माण का झाली, हे चरित्रातून उलगडत नाही. मनोविश्लेषण मजकुराबद्दल फार सुंदर बोलतं आणि बोलता बोलता घाटाचंही उत्तर दिल्याचा आव आणतं. माझी तक्रार तिथे आहे.

उपचारांचा इतिहासही विसरू नये. क्लोरप्रोमाझिन हे भ्रमांवरचं औषध १९५२ मध्ये आलं. १९६८ मध्ये फिलिप मे यांनी कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी मनोरुग्णालयातला तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये औषधांनी स्पष्ट फरक पडला, नुसत्या मनोविश्लेषणाच्या वळणाच्या मानसोपचाराने फारसा नाही. फ्रॉइडला स्वतःलाही या रुग्णांचं विश्लेषण होईल असं वाटत नव्हतं. डॉक्टरशी लागतं ते भावनिक नातं, म्हणजे भावसंक्रमण, यांच्यात जुळत नाही असं त्याचं मत होतं. (या मतावर मात्र तो चुकला. नातं जुळतं, कधीकधी सोसवणार नाही इतकं.)

अर्धविराम

उंबरठा यांच्या प्रतिसादाला +१.

फ्रॉइडच्या सूत्राबद्दल मला अधिक कडक बोलायचंय. रुग्ण म्हणाला 'तो माझा छळ करतो' की मुळाशी प्रेम. 'ती माझ्यावर प्रेम करते' म्हणाला तरी मुळाशी तेच. बायकोवर संशय घेतला तरी तेच. मी कुणावरच प्रेम करत नाही, फक्त स्वतःवर, म्हणजे मोठेपणाचा भ्रम, तिथेही तेच. एकाच वाक्याचे चार नकार करून भ्रमाचे चार प्रकार बसवलेत. व्याकरण म्हणून देखणं आहे. पण कोणता रुग्ण समोर आला तर हे सूत्र चुकलं असं म्हणता येईल? एकही नाही. शिवाय समलैंगिक आकर्षणाला वेडाच्या मुळाशी नेऊन बसवल्याने किती लोकांचं किती नुकसान झालं असेल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं ते १९७३ मध्ये.

आणि श्रेबरच्या पुस्तकात तर पुरुषाबद्दलच्या ओढीपेक्षा गर्भ, जन्म, नवी मानवजात हेच पानोपानी आहे. ज्यांनी १९५५ मध्ये ते इंग्रजीत आणलं त्या आयडा मॅकॅल्पाइन आणि रिचर्ड हंटर यांनी हेच म्हटलं: इथे मूल जन्माला घालण्याची कल्पना मुख्य आहे. आठ वर्षं मुलाची वाट पाहणारा माणूस हे लिहितोय. फ्रॉइडने निपुत्रिक असण्याची नोंद घेतली, पण ती आपल्या सूत्राच्या हाताखाली राबवली.

कातरवेळ

अर्धविराम, सूत्राबद्दल तुमच्याशी सहमत आहे. मी ते वाचवायला बसलेलो नाही.

उंबरठा यांच्या मजकूर आणि घाट या भेदाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. फ्रॉइडने १९२४ मध्ये एक उपमा वापरली: माणसाचं जगाशी असलेलं नातं जिथे फाटतं तिथे भ्रम ठिगळासारखा लावलेला असतो. कापड का फाटलं, ते ठिगळ सांगत नाही, हे तुमचं म्हणणं. मान्य. पण ठिगळ कुठे लागलंय ते पाहिलं तर कुठे फाटलं हे तरी कळतं की नाही?

इथे मला फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँचं १९५५-५६ च्या व्याख्यानांतलं वाचन पटतं, त्याच्या अवघड परिभाषेसकट. तो विचारतो, श्रेबर नेमका केव्हा कोसळला? हरला तेव्हा पहिल्यांदा, ठीक. पण दुसऱ्यांदा जिंकल्यावर. वयाने मोठ्या माणसांवर अधिकार गाजवण्याच्या, एका अर्थी बाप होण्याच्या जागेवर त्याला बोलावलं गेलं. आणि मूल नसलेल्या या माणसाच्या मनात बापाची ती जागा कधी कोरलीच गेली नव्हती, असं लाकाँचं म्हणणं. बहुतेकांच्या मनात अशा वेळी आधाराला काहीतरी असतं. त्याने हात टाकला तिथे पोकळी लागली. त्या पोकळीच्या कडेने मग देव, किरण, बोलणारे पक्षी.

हे सिद्ध करता येणार नाही. तरी बढती, लग्न, पहिलं मूल, बापाचा मृत्यू अशा वळणांवर आजार उफाळलेली माणसं तुमच्या ओपीडीत येत असतीलच ना? अशा वेळी 'ताण आला' एवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. कसला ताण, हा पुढचा प्रश्न विचारायला मनोविश्लेषण शिकवतं.

आणि एक निरीक्षण माझं स्वतःचं, चुकत असेल तर सांगा. फ्लेक्सिग हा मेंदूच्या रचनेचा नामांकित अभ्यासक. त्याच्या लेखी मन म्हणजे मज्जातंतू. आणि श्रेबरचा देव कशाचा बनलाय? मज्जातंतूंचा. जिवंत माणूस न कळणारा, फक्त प्रेतांशी परिचय असलेला देव. शवविच्छेदनातून मेंदू शिकलेल्या डॉक्टरचं याहून नेमकं वर्णन एखाद्या रुग्णाने कसं केलं असतं?

तळटीप

बापाचा विषय निघालाच आहे तर हेही. श्रेबरचे वडील मोरित्झ श्रेबर हे मुलांची शरीरं सरळ ठेवण्याच्या ध्यासाने झपाटलेले डॉक्टर होते. घरच्या घरी करायच्या व्यायामाचं त्यांचं १८५५ चं पुस्तक गाजलं, जर्मनीतल्या 'श्रेबर बागा', म्हणजे शहरी लोकांना मिळणारे बागेचे छोटे तुकडे, त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. मूल वाकून बसू नये म्हणून टेबलाला लावायची लोखंडी पट्टी, झोपेत कुशीवर वळू नये म्हणून पट्टे, मान खाली गेली की केस ओढले जातील असा बंद, अशी उपकरणं त्यांनी तयार केली. १९५० च्या दशकात विल्यम नीडरलँड या विश्लेषकाने ही चित्रं आणि मुलाचे भ्रम शेजारी शेजारी ठेवले. छाती आवळणारा चमत्कार, डोकं स्क्रूने दाबणारं यंत्र. वाचताना अंगावर काटा येतो.

पण सावध. हान इस्राएल्स आणि झ्वी लोथेन या अभ्यासकांनी नंतर कागदपत्रं खणून दाखवलं की बापाला राक्षस ठरवण्याइतका पुरावा नाही. मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते एक रिकामं प्रकरण. श्रेबरने तिसऱ्या प्रकरणात आपल्या कुटुंबाबद्दल लिहिलं होतं. ते छापण्याजोगं नाही म्हणून वगळलं गेलं. बापाबद्दलचे सगळे सिद्धान्त त्या न छापलेल्या पानांभोवती फिरताहेत.

पाणवठा

निशिगंधा यांच्या दादांच्या दिव्यांवरून फ्रॉइडच्या वर्तुळातल्या व्हिक्टर टाउस्क या मनोविश्लेषकाचा १९१९ चा निबंध आठवला. त्यात एक तरुण स्त्री आहे, पूर्वी तत्त्वज्ञान शिकलेली, बहिरी, त्यामुळे सगळा संवाद लिहून. तिच्या मते बर्लिनमध्ये एक विजेचं यंत्र होतं आणि ते तिच्या शरीरावर ताबा ठेवायचं. यंत्राला कोणी मारलं की तिला लागायचं. त्या यंत्राचा आकार तिच्याच शरीराचा होता. आधी त्याला खरे हातपाय होते, नंतर नुसते चितारलेले, पुढे तेही दिसेनासे झाले. टाउस्कचं म्हणणं असं की माणसाला स्वतःचं शरीर परकं होत जातं आणि ते परकेपण यंत्र होऊन बाहेर उभं राहतं. यंत्र जितकं माणसासारखं दिसत नाही तितका तो स्वतःपासून लांब गेलेला.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८१० मध्ये, लंडनच्या बेथलेम रुग्णालयातल्या जेम्स टिली मॅथ्यूजची हकिगत छापली गेली. त्याच्यावर वायूंवर चालणाऱ्या मागातून परिणाम केला जात होता. माग! कापडगिरण्यांचा काळ. मग वीज, मग रेडिओ, आता फोन. भ्रम कपडे त्या त्या काळाचे घालतो, आतली तक्रार दोनशे वर्षं एकच: माझे विचार माझे राहिले नाहीत.

साक्षीपुरावा

माझा मानसशास्त्राचा अभ्यास नाही, वकिलीचा आहे. श्रेबरची कोर्टकचेरी मात्र मी आवडीने वाचली आहे आणि ती इथे आली नाही तर त्याच्यावर अन्याय होईल.

१९०० मध्ये त्याला कायद्याने स्वतःचे व्यवहार पाहण्यास अक्षम ठरवलं. त्याने अपील केलं, युक्तिवाद स्वतः लिहिले. तेव्हा तो ज्या रुग्णालयात होता (फ्लेक्सिगचं नव्हे, नंतरचं) तिथले प्रमुख डॉ. व्हेबर यांचा अहवाल विरोधात होता, पण त्याच अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं की हा माणूस रोज आमच्या कुटुंबासोबत जेवायला बसतो आणि राजकारण, कायदा, कला यांवर उत्तम बोलतो. श्रेबरने भ्रम नाकारला नाही. आरशापुढे उघड्या छातीने रिबिनी आणि खोटे दागिने घालून उभा राहतो, हेही लपवलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच की माझा देवाशी काय संबंध आहे आणि मी पैशांचे व्यवहार कसे करतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै १९०२ मध्ये न्यायालयाने मान्य केलं: हा माणूस मनोरुग्ण आहे यात शंका नाही, आणि तरी तो आपले व्यवहार पाहू शकतो. निकाल देणारं न्यायालय ड्रेस्डेनचंच, जिथे तो पीठाध्यक्ष होता.

त्यानंतर तो घरी गेला. बायकोसोबत राहिला, एक मुलगी दत्तक घेतली, तिच्यावर माया केली. १९०७ मध्ये आई गेली, बायकोला पक्षाघाताचा झटका आला आणि तो पुन्हा कोसळला. १९११ मध्ये रुग्णालयातच वारला. मधली ती पाच वर्षं कुठल्याच निबंधात कुणी नीट मोजत नाही. भ्रम गेला नव्हता. माणूस जगला होता.

उंबरठा

साक्षीपुरावा, हा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

कातरवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, अशा वळणांवर येतात. बढतीनंतर आलेले रुग्ण मला चेहऱ्यासह आठवतात. आणि तुमच्या ठिगळाच्या उपमेला आजच्या संशोधनातूनही एक समांतर धागा आहे. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलं की डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाच्या बिघाडामुळे साध्यासुध्या गोष्टींनाही माणसाला अफाट महत्त्व वाटू लागतं. दिव्याची गुणगुण आपल्यालाच काहीतरी सांगतेय असं वाटतं. हे सहन न होणारं आहे. मग मन त्याचं स्पष्टीकरण शोधतं आणि ते स्पष्टीकरण म्हणजे भ्रम. औषध भ्रम पुसत नाही, ती धग कमी करतं. पुढे तो भ्रम सैल व्हायला वेळ लागतो आणि त्या काळात माणसाला सोबत लागते. बांधकाम म्हणा, स्पष्टीकरण म्हणा, पाडायची घाई नको, यावर आपलं तिघांचं, फ्रॉइड धरून, एकमत दिसतंय.

पण अर्थ रुग्णाच्या तोंडावर सांगायचा नाही. अर्थ ऐकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायचा असतो. जो आधीच समजतो की लोक आपल्या मनातलं ओळखतात, त्याला 'तुझ्या मनात खरं हे आहे' म्हणणं म्हणजे त्याच्या भीतीला दुजोरा.

निशिगंधा_म

तुमचा पहिला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. काही बोलली नाही. रात्री दादाच्या खोलीत जाऊन त्याच्या पायाशी बसली.

दादाला मी परवा पहिल्यांदा दिवे खरे की खोटे हे न विचारता विचारलं, की हे सगळं कोणत्या वेळी जास्त होतं? तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, पहाटे तीन ते पाच. चार वर्षांत हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तो चार वर्षं पहाटे जागा आहे. मी म्हटलं, झोपेसाठी तरी कोणाला दाखवू या का? दिव्यांबद्दल कुणी काही विचारलं तर बोलायचं की नाही ते तू ठरव. तो हो म्हणाला. एका मनोविकारतज्ज्ञांची गुरुवारची वेळ मिळाली आहे.

उंबरठा, जाताना काय काय लिहून नेऊ?

उंबरठा

झोपेच्या वेळा, गेल्या आठवड्याच्या तरी. आधी घेतलेली सगळी औषधं, बंद केली असतील तर केव्हा आणि का. थायरॉइडची किंवा इतर कोणतीही रक्ततपासणी झाली असेल तर कागद. कधी झटका, बेशुद्धी, तापासोबत असंबद्ध बडबड झाली असेल तर तारखेसह, कारण मेंदूच्या काही आजारांतही भ्रम होतात आणि ते वगळावे लागतात. दारू किंवा इतर नशा असेल तर न लाजता. घरात कुणाला असा आजार होता का तेही. जगणं नको झाल्याचं तो कधी बोललाय का, किंवा 'त्यांना' धडा शिकवण्याचं, हे डॉक्टरांना एकट्यात नक्की सांगा. तसं काही आत्ताच जाणवत असेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका.

आणि तीन ते पाच हे कागदावर सगळ्यात वर लिहा. ते त्याने स्वतःहून सांगितलंय.